बिदर–कलबुर्गीचा घाटरस्ता

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेकरिता आपल्या भागाविषयी काही माहितीपर लेख द्यावा, अशी सूचना चिटणिसांकडून आली तेव्हा मनात प्रथम आले ते बिदरचा किल्ला आणि माणिकनगरचे संस्थान. परंतु ह्या दोन्ही विषयांवर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. ज्या रस्त्याने आपण सर्वजण जन्मभर ये-जा केली, ज्याने आपल्या लेकी सासरी गेल्या आणि मुले शिकावयास गेली, त्या बिदर–हुमनाबाद–कलबुर्गी रस्त्यावर मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा ह्या लेखाचा विषय तोच. वाचकांनी, विशेषतः पुण्या-मुंबईस वाढलेल्या नव्या पिढीने, नकाशा जवळ घेऊन वाचावे, म्हणजे सोपे जाईल.

आरंभी एक खुलासा. गुलबर्ग्याचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी रीतीने कलबुर्गी झाले. आजच्या गोष्टी सांगताना मी कलबुर्गी म्हणेन, जुन्या सांगताना गुलबर्गा. आमच्या वयाच्या माणसाच्या जिभेवर जुने नाव आधी येते, त्यास इलाज नाही.

घाट आहे तरी कोठे?

सह्याद्रीच्या मुलखातील मनुष्य आमच्या घाटास घाट म्हणावयास तयार होत नाही. खंडाळ्याचा घाट पाहिलेल्या एका पाहुण्यांना मी एकदा हुमनाबादहून गुलबर्ग्यास घेऊन येत होतो. कमलापूर मागे पडले तेव्हा त्यांनी विचारले, “तुमचा तो घाट केव्हा लागणार?” मी म्हणालो, “लागून गेला.” त्यावर ते जे हसले ते शहर येईपर्यंत हसतच होते. पण घाटाची थोरवी उंचीवर मोजावयाची नसते. तो कशाकशाच्या मध्ये उभा आहे हे पाहावे लागते.

मराठवाड्यातून आग्नेयेकडे उतरत आलेली बालाघाटची डोंगररांग आपल्या भागात येता येता सपाट होते आणि तिचे पठार बनते. त्या पठारावर बिदर शहर सुमारे २३०० फूट उंचीवर बसले आहे. कलबुर्गी सुमारे १५०० फुटांवर. म्हणजे दोहोंत सातआठशे फुटांचा फरक. वर तांबडी माती आणि जांभा दगड. जांभ्याखाली काळा कातळ लागतो. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झिरपते व खालच्या कातळावर साठून राहते. बिदरला बहमनी काळात भुयारी कालवे खोदले गेले, ज्यांस करेज म्हणतात, ते ह्याच गुणावर. हुमनाबाद सोडून दक्षिणेस निघाले की काही वेळाने पठार संपते, रस्ता वळणे घेत खाली येऊ लागतो, दोन्ही अंगांस झुडपी टेकड्या दिसतात, आणि कमलापुराकडे येईतो माती काळी होते. कमलापूरची तांबडी केळी प्रसिद्ध आहेत, त्यांस आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेथून पुढे तुरीचा मुलूख. त्याहून खाली गेले म्हणजे भीमेच्या खोऱ्यातील शहाबादी फरशीचा थर. महाराष्ट्रातील शेकडो घरांत लोक ज्या फरशीवर पाट मांडून जेवले ती ह्याच जिल्ह्यातील शहाबादच्या नावाची, हे कित्येकांच्या ध्यानीही नसते.

आणखी एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. ह्या पठाराच्या कडेवर पावसाच्या पाण्याची वाटणी होते. उत्तरेकडे पडलेले पाणी कारंजा नदीतून मांजरेस आणि मांजरेतून गोदावरीस मिळते. दक्षिणेकडे पडलेले मुल्लामारीतून कागिण्याला, तेथून भीमेला आणि शेवटी कृष्णेला जाते. तेव्हा बिदरहून कलबुर्गीस जाणारा प्रवासी तीन तासांच्या आत गोदावरीच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो. तिकीट मात्र एकच.

नकाशावर हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ५० म्हणून दिसतो. तो नांदेडहून निघून देगलूर, औराद, बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी, जेवर्गी, विजापूर असा चित्रदुर्गापर्यंत जातो. हुमनाबादला त्यास सोलापूर–हैदराबाद महामार्ग आडवा छेदतो. पूर्वी त्याचा क्रमांक ९ होता, नव्या गणतीत ६५ झाला. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन वाटा ज्या गावात भेटतात ते गाव मोठे होणारच. हुमनाबादची बाजारपेठ, वीरभद्रेश्वराची जत्रा आणि जवळच माणिकनगर, ह्या तिन्हींचा त्या चौरस्त्याशी संबंध आहे असे माझे मत आहे.

दोनदा चढलेले सिंहासन

ही वाट किती जुनी असेल? दगडाचा पुरावा मजजवळ नाही, परंतु इतिहासातील दोन स्थलांतरे डोळ्यांसमोर ठेवली तर अदमास बांधता येतो. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, कागिण्याच्या काठी खालच्या मुलखात. दहाव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता घेतली आणि पुढे अकराव्या शतकात त्याच्या वंशजांनी आपली गादी वर पठारावर कल्याणला नेली. तेच आजचे बसवकल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ लिहिली ती तेथेच. बाराव्या शतकात बसवेश्वरांचे कार्य झाले तेही तेथेच.

दुसरे स्थलांतर अधिक परिचित आहे. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले आणि त्याची राजधानी गुलबर्गा झाली. सुमारे पाऊणशे वर्षांनी, १४२० ते १४३० च्या दशकात, अहमदशहा वली ह्या सुलतानाने ती बिदरला नेली. बिदरची हवा थंड, पाणी भरपूर, किल्ल्यास पठाराची कडा आयती मिळालेली. दरबार वर गेला तरी राज्याची पहिली दोन-तीन पिढ्यांची मुळे खालीच होती. ख्वाजा बंदेनवाज ह्यांचे निधन १४२२ साली गुलबर्ग्यास झाले व त्यांचा दर्गा तेथेच राहिला. सरदार, व्यापारी, फकीर, कारागीर यांना चढउतार चुकली नाही. मोठी राजधानी हलते तेव्हा मागे ओढाळ जनावरासारखी वाट उरते. ती दोन्ही टोकांकडे पाहत राहते.

‘गुरुचरित्र’ घरी वाचले जाते अशा वाचकांस ह्या वाटेची आणखी एक खूण ठाऊक असेल. बिदरच्या यवन राजाला फोड झाली, तो गाणगापुरास श्रीनरसिंह सरस्वतींच्या दर्शनास आला आणि नंतर त्याने त्यांना आपल्या नगरीत नेले, अशी कथा त्या ग्रंथाच्या अखेरीकडे आहे. भक्तांनी ती श्रद्धेने वाचावी. मला येथे तीतील भूगोल पाहावयाचा आहे. पठारावरचा राजा आणि भीमा-अमरजेच्या संगमावरचा यती यांची भेट ज्या ग्रंथकारास सहज सुचली, त्यास ती वाट नेहमीची वाटत असली पाहिजे. आणि ग्रंथकार सरस्वती गंगाधर ह्यांची मातृभाषा कानडी होती असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात घरोघर ज्याची पारायणे होतात तो मराठी ग्रंथ कानडी घरातील मनुष्याने लिहिला, ह्यात आपल्या भागातील कोणाला नवल वाटणार नाही. आमच्याकडे आजी कानडीत रागावत असे आणि मराठीत देवाला हाक मारीत असे.

हीच गोष्ट माणिकप्रभूंची. १८१७ साली कल्याणजवळच्या लाडवंती गावी त्यांचा जन्म झाला, १८६५ साली माणिकनगरी त्यांनी समाधी घेतली. त्यांची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदुस्थानीतही आहेत. त्यांच्या संप्रदायास ‘सकलमत’ म्हणतात. चौरस्त्यावर बसलेल्या सत्पुरुषाला हे नाव सुचावे हे मला स्वाभाविक वाटते. चार दिशांनी येणारा मनुष्य आपापली भाषा आणि आपापला देव घेऊन येतो, त्याला परत कोण पाठवील? मार्गशीर्षात दत्तजयंतीस माणिकनगरी आजही सोलापूर, हैदराबाद, कलबुर्गी आणि लातूर अशा चारही बाजूंची माणसे दिसतात.

मडियाळचे जंगम

आता सांगतो ती हकीकत मला ह्या सर्व विषयातील सर्वांत मोलाची वाटते. बिदरजवळ अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांत अहमदशहा वलीची कबर आतील रंगकामासाठी प्रसिद्ध आहे. राजधानी वर नेणारा तो हाच सुलतान. मुसलमान त्यास वली, म्हणजे साधुपुरुष, मानतात. आसपासचे लिंगायत लोक त्यास अल्लमप्रभूंचे रूप मानतात. दरवर्षी होळीनंतर त्याचा उरूस भरतो. तो पंचांगाप्रमाणे, हिंदू महिन्याच्या हिशेबाने भरतो, हे ध्यानात घ्यावे. ह्या उरुसाला गुलबर्गा भागातील मडियाळ गावचे जंगम आपल्या मंडळींसह पायी चालत अष्टुरास येतात, शंख फुंकतात, नारळ फोडतात. पुरातत्त्वज्ञ गुलाम याजदानी ह्यांनी बिदरवरील आपल्या १९४७ च्या ग्रंथात ह्या प्रथेचे वर्णन केले आहे. आज आपण शहरांत जे पाहतो-ऐकतो त्याच्या पार्श्वभूमीवर कोणास ही दंतकथा वाटेल. पण ती प्रथा चालू आहे.

सुलतान गुलबर्ग्याहून वर गेला त्याला जवळजवळ सहाशे वर्षे झाली. त्याची सल्तनत गेली, निजामशाही गेली. खालून वर पायी जाणारी ही मंडळी तेवढी राहिली.

ह्या मुलखात पायी चालणे ही एक मोठी संस्थाच आहे. आषाढीला पंढरीकडे दिंड्या निघतात. कोजागिरीच्या सुमारास बिदर, कलबुर्गी, विजापूर ह्या बाजूंनी भवानीच्या दर्शनाला तुळजापुरास पायी जाणाऱ्यांच्या रांगा रस्त्यांच्या कडेने लागतात. गावोगावचे लोक त्यांस चहा, केळी, भात वाढतात. कोणी कोणास भाषा विचारीत नाही. भालकी तालुक्यातील खानापूरचा मैलार मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबाच. तेथे कानडी भक्त एका नावाने भंडारा उधळतो, मराठी भक्त दुसऱ्या नावाने.

भक्तांच्या मागोमाग लमाणांचे नाव घेतले पाहिजे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य व मीठ वाहून नेणारे हे लोक दख्खनमधल्या फौजांचे आणि बाजारांचे खरे वाहतूकदार होते. खालून आगगाडी आली (सोलापूर–गुलबर्गा–वाडी मार्ग १८७१ पर्यंत रायचुरास पोचला होता) आणि खडीच्या सडका झाल्या, तेव्हा बैलांच्या पाठीची गरज उरली नाही. लमाण डोंगरउतारावर तांडे करून राहिले. कमलापूर, चिंचोळी ह्या बाजूंस हे तांडे पुष्कळ आहेत. जी सडक झाली तिने त्यांचा धंदा नेला. नंतर त्याच सडकेने त्यांची मुले पुण्या-मुंबईकडे, हैदराबादकडे बांधकामावर आणि ऊसतोडीला गेली. रस्त्याचे गुण गाताना हा हिशेब डावीकडे मांडावयास विसरू नये.

रेघ ओढल्यावर

आतापर्यंत सांगितले ते वाचून कोणास वाटेल की बिदर–गुलबर्गा रस्ता सदैव असाच गजबजलेला होता. तसे नाही. निजामाच्या काळात बिदरच्या माणसाचे तोंड हैदराबादकडे होते. न्यायालय तेथे, उस्मानिया विद्यापीठ तेथे, मोठा दवाखाना तेथे, कागद उर्दूत आणि ते कागद ठेवण्याची जागाही तेथेच. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्या घेऊन मोटार-वाहतूक सुरू केली, त्या सोयीचेही केंद्र हैदराबादच. आगगाडी विकाराबादेहून १९३० च्या सुमारास बिदरास आली आणि पुढे परळीकडे गेली. गुलबर्गा दक्षिणेस शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असूनही रेल्वेने जावयाचे तर विकाराबाद, तांडूर, वाडी असा दुपटीहून अधिक वळसा पडे. घाटातून रूळ टाकण्याचे कोणी मनावर घेतले नाही. घाटरस्ता होता, पण आडवाटेसारखा होता. सप्टेंबर १९४८ मध्ये जनरल चौधरींची फौज आली ती सोलापुराकडून, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद ह्या बाजूने जहीराबादकडे. १३ तारखेस निघून १७ तारखेस काम संपले. ती वाट पूर्व-पश्चिम होती.

बदल झाला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड, बहुतेक जहीराबाद आणि न्यालकलचा भाग आंध्र प्रदेशात गेला. बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात आला. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला, १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, १९८२ साली लातूर जिल्हा निघाला, २०१४ साली तेलंगण झाले. जे एका जिल्ह्याचे गाव होते ते आज तीन राज्यांत मोजावे लागते. भालकी, औराद, बसवकल्याण ह्या तालुक्यांत मराठी बोलणारी गावे पुष्कळ. त्यांच्याविषयीचा वाद, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा हे सर्वांस माहीत आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. मला पाहावयाचे आहे ते एवढेच, की रेघ ओढल्यावर माणसांच्या चालण्याची दिशा कशी फिरली.

ती फिरली ती घाटाकडे. विभागीय कचेरी गुलबर्ग्यास. कॉलेजे गुलबर्ग्यास. १९५८ साली महादेवप्पा रामपुरे यांच्या पुढाकाराने हैदराबाद-कर्नाटक शिक्षणसंस्था निघाली, तिचे अभियांत्रिकी कॉलेज त्याच वर्षी आणि वैद्यकीय कॉलेज १९६३ साली झाले. १९८० साली गुलबर्ग्यास विद्यापीठ आले. माझे थोरले बंधू उर्दूत शिकून हैदराबादेस गेले. मी १९६७ साली कानडीची बाराखडी नुकतीच गिरवून गुलबर्ग्यास गेलो. एका घरातील दोन भावांची दोन तोंडे दोन दिशांना झाली, ती अशी. हैदराबादला गेलेल्याला वडील पत्र उर्दूत लिहीत, मला मोडीमिश्रित मराठीत, आणि जमिनीचा कागद आला म्हणजे तो वाचून दाखवावयास शेजारच्या अप्पांकडे जात, कारण तो आता कानडीत असे.

त्या वेळचा प्रवास आठवतो. भालकीहून निघून हुमनाबादेस गाडी बदलावयाची. चौरस्त्यावर दोन तास बसावे लागे. तेथे चहाच्या टपरीवर चार भाषा एका वेळी चालत. मालक दखनीत बोले, पोऱ्या कानडीत ओरडे, सोलापूरचे ट्रकवाले मराठीत हुज्जत घालीत आणि जहीराबादेकडचे तेलुगूत. मग खाली उतरणारी मोटार येई. जाताना काही नसे. परत येताना चढणीवर गाडीचे पाणी उकळे, सगळे खाली उतरत, आणि क्लीनर डबा घेऊन जवळच्या तांड्याकडे जाई. तांड्यातील बायका पाणी देत, पण डबा परत मिळेपर्यंत पोराला सोबत पाठवीत. एकदा त्या पोराने मला माझ्या पुस्तकाचे नाव विचारले. मी वाचून दाखविले. तो म्हणाला, “हे कुठं मिळतं?” गुलबर्ग्याला, असे मी सांगितले. त्याने रस्त्याकडे पाहिले आणि डबा घेऊन गेला.

न्यायालयाचे काम तर आणखी अवघड. १९५६ नंतर बिदरच्या पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी बंगळूर गाठावे लागे, म्हणजे सहाशे किलोमीटरांहून अधिक. २००८ साली गुलबर्ग्यास उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले आणि २०१३ साली ते कायम झाले. तेव्हापासून सकाळी घाट उतरून, तारीख करून, रात्री घरी भाकरी खाता येते. वकिलांच्या फीमध्ये काही उतार पडला नाही, एवढे मात्र नमूद करतो.

दोन हजार सतरा आणि दोन हजार वीस

२०१७ हे वर्ष आपल्या रस्त्याच्या चरित्रात दोन कारणांनी लिहून ठेवण्याजोगे आहे. १ जुलै रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या हद्दीवरील विक्रीकराचे नाके उठले. उमरग्याकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ह्याचे मोल कळेल. २९ ऑक्टोबर रोजी बिदर–हुमनाबाद–कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरांचा लोहमार्ग पुरा होऊन सुरू झाला. घाटावर उतारा म्हणून मरगुत्तीजवळ दीड किलोमीटरांहून लांब बोगदा खोदावा लागला. सत्तर-पंचाहत्तर वर्षे जे काम एकट्या सडकेने केले त्याला जोडीदार मिळाला. मी गाडीत बसून आलो तेव्हा बोगद्यात अंधार झाला आणि लगेच उजाडले. घाट दिसलाच नाही.

मात्र रस्ता मोठा झाला म्हणजे तो जवळच्यांचा होतोच असे नाही. सोलापूर–हैदराबाद मार्ग चौपदरी झाल्यापासून वाहने जोराने जातात आणि कडेच्या गावांतील म्हाताऱ्या माणसांना पलीकडच्या शेतात जाणे कठीण झाले. तांड्यातील माणसाला हात दाखवून थांबणारी गाडी हवी असते. जलद गाडी थांबत नाही, आणि जी थांबते ती टमटम किंवा खच्चून भरलेली जीप. आपल्या घरांतील मुलेही आता मराठी शाळा सोडून कानडी किंवा इंग्रजी शाळांत जात आहेत. त्यात वावगे काही नाही, पोटाची भाषा शिकलीच पाहिजे. पण उदगीरच्या आत्याशी बोलताना नातू मध्येच अडतो, तेव्हा मनात येते की रस्त्याने अंतर कमी केले आणि ते दुसरीकडून थोडे वाढले.

२०२० साली हा सगळा व्यवहार एकाएकी थांबला. करोनाने देशातील पहिला मृत्यू त्याच वर्षी मार्चमध्ये कलबुर्गीस नोंदला गेला. काही दिवसांत हद्दी बंद झाल्या. माझी धाकटी बहीण उमरग्याला दिलेली. मे महिन्यात ती साध्या आजाराने गेली. पुतण्याने मोटारसायकलवर बसवून मला महामार्गावर हद्दीपर्यंत नेले. रस्त्यावर आडवे अडथळे टाकलेले. भाचा पलीकडे आला, आम्ही अलीकडे. बंदोबस्तावरील तरुणाने आत सोडले नाही, त्याला हुकूम नव्हता, त्याचा दोष धरीत नाही. तोंडे बांधलेली असल्यामुळे मोठ्याने बोलावे लागले. “मामा, आईनं शेवटी तुमचं नाव घेतलं,” असे भाच्याने ओरडून सांगितले. शोक ओरडून सांगण्याची माझी ती पहिली वेळ. त्याच रस्त्याने त्या दिवसांत बाहेरगावचे मजूर डोक्यावर बोचकी घेऊन आपापल्या तांड्यांकडे चालत होते. १९५६ ची रेघ कागदावर चौसष्ट वर्षे होती. डोळ्यांनी मी ती त्या दिवशी प्रथम पाहिली.

अडथळे पुढे उठले. दिवाळीला भाचा सहकुटुंब येऊन चार दिवस राहून गेला. येताना त्याने कमलापुराकडून कोणीतरी आणून दिलेली तांबडी केळी आणली होती. बहिणीला ती फार आवडत.

स्मरणिका वाचून ज्यांना हा रस्ता एकदा नीट पाहण्याची इच्छा होईल त्यांच्यासाठी दोन सूचना. रेल्वेने जाऊ नये, मोटारीने जावे, आणि शक्य तर बिदरहून सकाळी लवकर निघावे. हुमनाबादच्या चौरस्त्यावर चहा घ्यावा, माणिकनगरचे दर्शन करून पुढे व्हावे. किण्णी सडक म्हणून थांबा लागतो, त्याच्या नावातच सडक आहे. वाटेत जेथे तांबडी माती काळी होते तेथे गाडी थांबवून खाली उतरावे आणि दोन्ही मातींची एकेक मूठ घ्यावी. होळीनंतरच्या दिवसांत गेलात, तर वर अष्टुरास शंख ऐकू येण्याचा संभव आहे.